‘करू नये’पेक्षा ‘असे करावे’ : मोबाईल गटावरील बोलण्याचे पथ्य

मागील दोन लेखांत आपण उन्हाळ्यातील जुलाब आणि जलसंजीवनी यांविषयी पाहिले. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील एक पत्र वेगळे असल्याने आजचा लेख त्यासाठीच राखून ठेवला आहे. पत्र आपल्या परभणी जिल्ह्यातीलच एका गटप्रवर्तक भगिनींचे आहे. (गटप्रवर्तक म्हणजे सुमारे वीस आशा कार्यकर्तींच्या कामाला मदत व देखरेख करणारी बाई.) त्या लिहितात, ‘‘आमच्या आशाताईंचा व्हॉट्सअॅपवर गट आहे. बोलतात मात्र चौघीच. बाकीच्या नुसता अंगठा दाखवतात. शिस्त लागावी म्हणून मी नियमांची यादी टाकली, तर त्या चौघीसुद्धा गप्प झाल्या. आता काय करावे?’’ सोबत त्यांनी यादीही जोडली आहे. नियम अकरा आहेत आणि अकराही ‘नये’वर संपतात.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आज खेड्यातील आरोग्याचे निम्मे काम या मोबाईल गटांवरूनच चालते. गरोदर बाई, तापाचा रुग्ण, लस राहिलेले मूल, रक्ताची गरज या सर्वांचा निरोप प्रथम तेथे पोहोचतो. आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली, तेव्हा निरोप सायकलवरून किंवा एस.टी.च्या वाहकाबरोबर जात असे. आता तो क्षणात जातो, पण लिहिणाऱ्याचे बोट अडखळले नाही तरच. बोट अडखळले की काय होते, त्याचे एक उदाहरण सांगतो. गाव, केंद्र व माणसे यांची नावे मुद्दाम देत नाही.

नव्याने लागलेल्या एका आशाताईने नोंदवहीच्या पानाचा फोटो गटावर टाकला. तो आडवा आला व अक्षरे लागेनात. त्यावर वरच्या कोणी लिहिले, ‘‘साधा फोटो काढता येत नाही का? प्रशिक्षणात झोपला होता काय? यापुढे असे फोटो टाकू नयेत.’’ खाली तीन-चार अंगठे उमटले. झाले एवढेच. त्यानंतर दोन महिने त्या बाईने गटावर अक्षर लिहिले नाही. मग एके सकाळी घरभेटीत तिला आठव्या महिन्यातील एक सून दिसली. तोंडावर सूज, कपाळ ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आशाताईला प्रशिक्षणातले आठवले. हे लक्षण चांगले नाही, हे तिने ओळखलेही. परवा परिचारिका गावात येणारच आहे, तेव्हा दाखवू, असे तिने ठरविले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सुनेला झटके आले. १०८ ची गाडी आली, मोठ्या रुग्णालयात नेले, आई वाचली. बाळ अपुऱ्या दिवसांचे, वजन दीड किलोच्या आत, नवजात कक्षात कित्येक आठवडे राहिले. पुढे सासू सुनेचा रक्तदाब तपासायला माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा आशाताईही बरोबर होती. ती म्हणाली, ‘‘सर, लिहिलं होतं मी गटावर. परत पुसून टाकलं. म्हटलं, काही चुकलं तर पुन्हा सगळ्यांम्होरं बोलणी बसायची.’’

वाचकांना माहीत असावे म्हणून सांगतो : गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे, तोंडावर व हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा काजवे चमकणे, बरगडीखाली पोटात दुखणे ही झटक्यांची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी रक्तदाबाची औषधे आणि झटके टाळणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर बहुतेक माता सुखरूप राहतात. येथे औषध होते, गाडी होती, ओळखणारी बाईही होती. अडला तो निरोप, आणि तो अडण्याचे कारण दोन महिन्यांपूर्वीच्या तीन वाक्यांत होते.

‘नये’ने काय बिघडते?

तीन वाक्यांत मूळ सूचना रास्तच होती : फोटो वाचता यावा. परंतु वाक्य ‘टाकू नयेत’ असे आले. नवख्या बाईने त्यातून काय समजावे? फोटो कसा काढावा हे त्यात कोठेच नाही. वही उजेडात ठेवा, मोबाईल उभा धरा, पान पूर्ण येऊ द्या, असे लिहिले असते तर तेवढ्याच शब्दांत काम झाले असते. ‘करू नका’ हे वाक्य हातातले काढून घेते, बदल्यात काही देत नाही. आणि त्यात एक आरोप दडलेला असतो, की तुम्ही हे करणारच होता.

आपल्या घरातलेच पाहा. लहान मूल पाण्याचा तांब्या घेऊन येत असते. आई ओरडते, ‘‘सांडशील, सांडू नको!’’ आणि तांब्या सांडतो. शहाणी आजी म्हणते, ‘‘दोन्ही हातांनी धर बाळा, हळू ये.’’ मुलाच्या हातांना काम मिळते. एखादी गोष्ट मनात आणू नका म्हटले की मन तीच गोष्ट उचलते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रयोगाने दाखविले. त्यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. त्या बिचाऱ्यांना अस्वल वारंवार आठवत राहिले.

भिंतींचीही तीच कथा. ‘येथे लघवी करू नये’ अशी पाटी जेथे दिसते तेथे नाकाला रुमाल लावावा लागतो, हा अनुभव कोणत्याही तालुक्याच्या गावचा. पाटी नसती तर ती जागा कोणाला सुचलीही नसती, असे कधी कधी वाटते. त्याच भिंतीवर ‘मुतारी उजवीकडे, वीस पावलांवर’ असे लिहिले आणि तेथे खरोखर मुतारी बांधली व धुतली, तर फरक पडेल. (हे दुसरे काम पाटी रंगविण्याहून अवघड आहे, म्हणून पाट्याच जास्त दिसतात.) याउलट एस.टी. महामंडळाने ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना आणली तेव्हा प्रवाशाला काय करायचे ते चार शब्दांत कळले. पोलिओच्या मोहिमेने ‘दो बूँद ज़िंदगी की’ असे म्हटले. लस न दिल्यास मूल पांगळे होईल, ही भीती खरी होती, पण घोषवाक्यात थेंब आला, जिंदगी आली. देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश घोषवाक्याचे नव्हे, घरोघर फिरलेल्या लाखो पायांचे आहे. तरीही दार उघडायला पहिला शब्द कोणता, याला किंमत असतेच.

आपल्या महाराष्ट्रात उघड्यावर शौचास बसण्याविरुद्ध दोन्ही तऱ्हा वापरून झाल्या. गुडमॉर्निंग पथके पहाटे लोकांना गाठून लाजवीत असत. २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावाला स्पर्धेत उतरवले, ‘आपले गाव पहिले आणा’ म्हटले. पथकाला पाहून लोक टमरेल लपवून दुसऱ्या वाटेने जात. स्पर्धेत गावाने स्वतः झाडू हाती घेतला. माझा कल कोणत्या तऱ्हेकडे आहे, हे सांगायला नकोच.

शब्दाचा शरीरावर परिणाम

हे नुसते शिष्टाचाराचे नाही, शरीराचेही आहे. २०१० साली बोस्टन येथील डॉक्टरांनी १४० गरोदर स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमरेत भुलीचे इंजेक्शन देण्यापूर्वी जागा बधिर करण्याची सुई टोचावी लागते. निम्म्या जणींना सांगितले, ‘आता मोठी मधमाशी चावल्यासारखे होईल, हाच सर्वांत त्रासाचा भाग.’ उरलेल्या जणींना सांगितले, ‘जागा बधिर करणारे औषध देतो आहोत, म्हणजे पुढे तुम्हाला बरे वाटेल.’ सुई तीच, औषध तेच. दहापैकी किती दुखले असे विचारता पहिल्या गटाचा मधला आकडा ५ आला, दुसऱ्याचा ३.

त्याआधी १९८२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात दुसरा एक अभ्यास आला होता. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार, असा प्रश्न होता. काहींना सांगितले, शस्त्रक्रियेत शंभरातले दहा दगावतात. काहींना सांगितले, शंभरातले नव्वद वाचतात. हिशेब एकच, तरी ‘वाचतात’ ऐकणाऱ्यांनी शस्त्रक्रिया अधिक निवडली. विशेष म्हणजे या शब्दांच्या खेळात डॉक्टरही तितकेच सापडले. आम्हा डॉक्टरांना आकडे कळतात, असा आमचा समज असतो.

क्षयरोगाच्या कामात तर शब्द अधिकृतपणे बदलले गेले. औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला पूर्वी ‘डिफॉल्टर’ म्हणत. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द बँकेच्या नोटिशीबरोबर येतो, थकबाकीदार असा. आजारी माणूस आणि वर थकबाकीदार! २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून हा शब्द काढला, त्याजागी ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ या अर्थाचा शब्द घातला. ‘संशयित’ हा शब्दही गेला, कारण संशयित चोर असतो, खोकणारा माणूस नव्हे. ‘सुटलेला’ म्हटले की त्याला पुन्हा गाठणे हे आपले काम ठरते. ‘डिफॉल्टर’ म्हटले की ते त्याचे पाप ठरते. आपल्या गटावर मात्र अजूनही ‘अमुक गावात दोन डिफॉल्टर’ असे निरोप फिरतात. ते ‘अमुक गावात दोघांची औषधे पुन्हा सुरू करायची आहेत’ असे लिहून पाहावे. कोणी जायचे, हा प्रश्न लगेच पुढे येतो आणि तोच यायला हवा.

आता गटाकडे वळू

समोरासमोर बोलताना ‘असं कसं केलंस गं?’ हे वाक्य हसून म्हणता येते. तेच पडद्यावर काळ्या अक्षरांत आले की हसू गळून पडते, नुसता ठपका उरतो. त्यात वाचणारे तीसजण. म्हणून मी एक रीत पाळतो व इतरांनाही सुचवितो : चूक दाखवायची ती फोन करून एकटीला, योग्य पद्धत सांगायची ती गटावर सर्वांना, कोणाचे नाव न घेता. आणि चांगले काम झाले तर नाव घेऊन, काय चांगले झाले ते सांगून. ‘छान, छान’ने कोणी शिकत नाही. ‘सुनीताताईंनी (नाव काल्पनिक) गाव, महिना, त्रास आणि गाडीची सोय चार ओळींत लिहिली, त्यामुळे रुग्णालयात खाट तयार ठेवता आली’ असे लिहिले की उरलेल्या एकोणतीस जणींना नमुना मिळतो.

‘अर्धवट माहिती पाठवू नये’ हा त्या भगिनींच्या यादीतला तिसरा नियम. घाईत, रात्री, रडणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात अर्धवटच माहिती हाती असते. हा नियम वाचून बाई थांबेल, सगळे कळेपर्यंत वाट पाहील. त्याऐवजी ‘जेवढे कळले तेवढे लगेच पाठवा, राहिलेले आम्ही विचारू’ असे लिहावे. पाहा, नियमाचा अर्थच पालटला, आणि रुग्णाच्या हिताचा तोच आहे.

रक्ताच्या मागणीचे निरोप हे दुसरे दुखणे. तीन वर्षांपूर्वीची मागणी अजून फिरते आणि भले लोक धावपळ करतात. ‘जुने मेसेज टाकू नयेत’ असे कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही, कारण टाकणाऱ्याला तो जुना आहे हे ठाऊकच नसते. ‘मागणीत तारीख, रुग्णालय, रक्तगट, नातेवाइकाचा क्रमांक लिहावा आणि रक्त मिळाले की खाली “मिळाले” एवढे लिहावे’ असे सांगितले की ओळखण्याची खूणच हाती येते.

येथे एक इशारा. गोड बोलणे आणि काय करावे ते सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वा, फारच लवकर आठवण झाली ताई तुम्हाला!’ या वाक्यात एकही ‘नको’ नाही, पण असे वाक्य विंचवासारखे डसते. उलट ‘आजच्या आज तपासणीला न्या, मी दवाखान्यात फोन करतो’ हे वाक्य कोरडे आहे, तरी ऐकणाऱ्याला धीर देते. मला पंढरीच्या वारीतले बोलणे फार आवडते. लाखोंच्या गर्दीत, पाय दुखत असताना, ‘माउली, जरा पुढं सरका’ असे म्हणतात. जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात. येथील माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही. ती मोबाईलवर आणायची आठवण तेवढी द्यावी लागते.

जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेल्या विकिपीडिया या ज्ञानकोशालाही हे भोवले आहे. इंग्रजीतील हा कोश २००१ साली सुरू झाला, मराठीतील २००३ साली. इंग्रजी कोशावर सक्रिय लिहिणाऱ्यांची संख्या २००७ नंतर घटत गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे लिखाण तडकाफडकी खोडले जाणे आणि त्यांच्या हाती यांत्रिक ताकीद पडणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. माणसे निघून जातात ती भांडून जात नाहीत, गप्प बसून जातात. आपल्या गटावरचे मुके अंगठे पाहताना हे ध्यानात घ्यावे.

अफवेला उत्तर

कोणी गटावर अफवा टाकली तर? १६ जानेवारी २०२१ रोजी करोनाची लस सुरू झाली. त्यानंतर लसीने मूल होत नाही, ही अफवा खेडोपाडी पसरली. गटागटांवर ‘लसीने मूल होत नाही हे खोटे आहे’ असे ठळक अक्षरांत टाकले गेले. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात वृद्धांना काही विधाने खोटी असल्याचे पुनःपुन्हा बजावले, तरी तीन दिवसांनी त्यांतली बरीचशी त्यांना खरी म्हणून आठवली. ‘खोटे’ हा शब्द गळाला, ऐकल्याची ओळख राहिली. पुढच्या काही प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण खऱ्या गोष्टीने सुरुवात करण्यात तोटा काहीच नाही. ‘माझ्या सुनेने दोन्ही डोस घेतले, तिला नंतर मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत’ असे एका सासूबाईंनी लिहिले, आणि त्या गावातील पुढच्या शिबिराला बायका आल्या. अफवा टाकणाऱ्याला मूर्ख म्हणू नये. त्याने भीतीपोटी टाकलेले असते, आणि सर्वांसमोर मूर्ख ठरलेला माणूस आपल्या म्हणण्याला आणखीच चिकटतो.

(मीही आत्ता ‘म्हणू नये’ असे लिहिले. सवय जाता जात नाही. ‘त्याची भीती काय आहे ते विचारावे’ असे वाचावे.)

‘नको’ कोठे हवेच

मात्र प्रत्येक ‘नको’ पुसून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. काही ठिकाणी तो स्पष्ट, एकच आणि मोठ्या अक्षरांत हवा. रुग्णाचे नाव, फोटो, तपासणीचा कागद गटावर टाकू नये, येथे तडजोड नाही. एच.आय.व्ही. बाबत तर २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करणे गुन्हा ठरू शकतो. पण या ‘नको’च्या शेजारीही वाट दाखवावी : ‘गटावर फक्त गाव व त्रास लिहा, नाव फोनवर सांगा.’

सर्पदंशाचेही असेच. चिरू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका, हे सांगावेच लागते. पण घाबरलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी करायचेच असते आणि रिकामे हात दोरीकडे जातात. म्हणून आधी काम सांगावे : रुग्णाला आडवे झोपवा, धीर द्या, अंगठी-पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात न्या. एवढी कामे दिल्यावर चिरण्याचोखण्याला सवड उरत नाही.

त्या भगिनींना मी अकरा नियमांऐवजी चारच लिहून पाठविले आहेत. गट सकाळी आठ ते रात्री आठ रोजच्या कामासाठी. तातडीचा निरोप केव्हाही, सोबत फोनही करावा. कळले तेवढे लगेच लिहावे : गाव, वय, त्रास, कधीपासून, गाडी आहे की नाही. निरोप वाचणाऱ्याने अंगठ्याऐवजी ‘मी पाहते’ किंवा ‘मी निघाले’ असे लिहावे, म्हणजे जबाबदारी कोणी घेतली ते कळेल. आणि शंका विचारणारीचे आधी आभार मानावेत, मग उत्तर द्यावे. शुभ सकाळच्या फुलांसाठी त्यांनी वेगळा गट काढावा, असेही सुचविले आहे. फुले टाकणाऱ्या बायका प्रेमाने टाकतात, त्यांना जागा द्यायला हवी.

आपल्या गटावर, शाळेच्या, सोसायटीच्या किंवा भावकीच्या असो, असे काही करून पाहिले असल्यास वाचकांनी जरूर लिहावे. पेरणीचे दिवस जवळ आले आहेत, तेव्हा पुढील आठवड्यात सर्पदंशाविषयीच सविस्तर पाहू.